मृत्युदर नेमका कशातला? कोरोना, फ्लू आणि आपला मराठवाडा

२०१५ साली महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे ८,५८३ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ९०५ दगावले. भागाकार केला की मृत्युदर येतो साडेदहा टक्के. आता कोरोनाचे राज्याचे एकूण आकडे घ्या. सुमारे ८१ लाख रुग्ण, १ लाख ४८ हजारांच्या आसपास मृत्यू. मृत्युदर १.८ टक्के. म्हणजे नुसते सरकारी आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर फ्लू हा कोरोनापेक्षा जवळपास सहापट जीवघेणा ठरतो.

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला रुग्ण घेऊन फिरलेल्या माणसाला हे पटणार नाही, आणि त्याचं न पटणं बरोबरच आहे. पण उलट बाजूही तितकीच ऐकू येते. ‘कोरोना म्हणजे साधा फ्लूच होता, उगाच घाबरवलं’ असं सांगणारे मेसेज अजून फिरतात, आणि त्यांच्यातही आकडेच असतात. दोन्हीकडचे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. फसवणूक होते ती भागाकारात. अंशात कोण मोजलं आणि छेदात कोण मोजलं, हे विचारल्याशिवाय मृत्युदर हा शब्द वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वाइन फ्लूपासूनच सुरुवात करू. २०१५ मध्ये घशाचा नमुना कुणाचा घेतला जायचा? साधा ताप, सर्दी, अंगदुखी असेल तर घरीच थांबा, चाचणीची गरज नाही, असे शासनाचेच निर्देश होते. धाप लागलेले, छातीत दुखणारे, ओठ निळे पडलेले, म्हणजे दवाखान्यात भरती करण्याजोगे रुग्ण, यांचीच चाचणी व्हायची. त्यामुळे ८,५८३ हा फ्लू झालेल्या माणसांचा आकडा नाहीच. फ्लूने अत्यवस्थ होऊन तपासणीपर्यंत पोहोचलेल्यांचा तो आकडा आहे. तापाने चार दिवस अंथरुणावर पडून पुन्हा शेतात गेलेली लाखो माणसं या छेदात नाहीत.

आपल्याकडे पीक कापणी प्रयोग, म्हणजे मोजके प्लॉट कापून सगळ्या महसूल मंडळाचं उत्पादन ठरवण्याची रीत, सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी गावातले प्लॉट चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे असतात, कारण फक्त जळालेल्या सोयाबीनचेच प्लॉट कापले तर सगळ्या मंडळाचं उत्पादन शून्यावर येईल आणि फक्त विहिरीकाठचे कापले तर दुष्काळच दिसणार नाही. स्वाइन फ्लूच्या वेळी आपण फक्त जळालेले प्लॉट मोजले. मग साडेदहा टक्के निघाले यात नवल काय?

कोरोनाच्या वेळी चाचण्या कितीतरी जास्त झाल्या. रुग्णाच्या घरचे, शेजारचे, बाजारातले विक्रेते, नाक्यावर अडवलेले प्रवासी, अशा कितीतरी बऱ्या दिसणाऱ्या माणसांच्याही अँटिजेन नाहीतर आरटीपीसीआर झाल्या. छेद फुगला, दर खाली आला. १.८ आणि १०.५ यांतला बराचसा फरक विषाणूतला नाही, तो चाचणी कुणाची करायची या धोरणातला आहे.

तरीही कोरोनाचाही छेद पुरा नव्हताच. तो किती अपुरा होता, हे शोधण्यात मराठवाड्याचा वाटा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातले ७० जिल्हे निवडून तिथल्या सामान्य लोकांचं रक्त तपासलं आणि शरीरात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झाली आहेत का ते पाहिलं. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते आणि त्यांतले तीन आपले, बीड, परभणी आणि नांदेड. त्या गावांतल्या लोकांनी, बहुतेकांना काहीही झालेलं नसताना, दंड पुढे केला. त्यामुळेच देशाला कळलं की चाचणीत सापडलेल्या एका रुग्णामागे सुमारे २५ ते ३० माणसांना प्रत्यक्षात संसर्ग होऊन गेलेला आहे. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत एक टक्काही प्रौढांमध्ये प्रतिपिंडं नव्हती. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत, दुसऱ्या लाटेनंतर, सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांमध्ये ती सापडली.

इथे दोन वेगळे दर समोर येतात आणि बातम्यांमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. एक, नोंदलेल्या रुग्णांपैकी किती दगावले. दुसरा, संसर्ग झालेल्या सगळ्यांपैकी किती दगावले, मग ते चाचणीत सापडले असोत वा नसोत. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी ३.४ टक्के हा आकडा सांगितला, तो पहिल्या प्रकारचा होता. जगभर खळबळ उडाली, कारण लोकांनी तो दुसऱ्या प्रकारचा समजून वाचला. त्याच सुमारास जपानजवळ अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या जहाजावर ३,७११ माणसं होती आणि जवळपास सगळ्यांची तपासणी झाली. ७१२ बाधित निघाले, १३-१४ दगावले. दर दोन टक्क्यांच्या आत. तिथे छेद जवळपास पूर्ण होता, पण सफरीवर निघालेली बरीच माणसं साठी-सत्तरीची होती. म्हणजे छेद पूर्ण असला तरी तो कुणाचा आहे, हा प्रश्न उरतोच.

वयाचा परिणाम किती प्रचंड आहे याची आपल्याला अनेकदा कल्पना नसते. लस येण्याआधीच्या काळातल्या निरनिराळ्या देशांच्या अभ्यासांतून निघालेला ढोबळ हिशेब असा: दहा वर्षांच्या मुलाला कोरोनाने मृत्यू येण्याची शक्यता लाखात दोन. पंचविशीत दहा हजारांत एक. पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पासष्टीला हजारात चौदा, पंचाहत्तरीला शंभरात साडेचार आणि पंच्याऐंशीला शंभरात पंधरा. एकाच विषाणूचे हे आकडे आहेत. मग ज्या देशात जवळपास चौथा हिस्सा लोक पासष्टीच्या वरचे आहेत त्या इटलीचा दर आणि ज्या देशाचं मध्यम वय अठ्ठावीसच्या आसपास आहे त्या भारताचा दर नुसता शेजारी ठेवून ‘आपली प्रतिकारशक्ती जबरदस्त’ असं म्हणणं चूक आहे. पहिल्या लाटेत इटलीतला नोंदलेल्या रुग्णांमधला दर १४ टक्क्यांपर्यंत चढला होता. त्यात वय होतं, भरलेली रुग्णालयं होती आणि फक्त अत्यवस्थ रुग्णांच्याच चाचण्या होणंही होतं.

आता आपल्याच देशातली तीन राज्यं घेऊ. लोकसंख्या मी २०११ च्या जनगणनेची धरतो, म्हणजे तिघांनाही एकच माप लागेल. महाराष्ट्रात नोंदलेल्या रुग्णांपैकी १.८ टक्के दगावले, केरळात एक टक्क्याच्या थोडं वर. यावरून केरळने रुग्ण जास्त वाचवले असं वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण छेद बदला आणि दर लाख लोकसंख्येमागे मृत्यू काढा. महाराष्ट्रात ते सुमारे १३० येतात, तर केरळात, ७२ हजारांच्या आसपास मृत्यूंमुळे, दोनशेच्या वर. क्रम उलटला. आणि बिहार? तिथे सगळे मिळून सुमारे १२ हजार मृत्यू नोंदले गेले, लाखामागे जेमतेम १२. केरळच्या तुलनेत बिहारची कामगिरी सतरा-अठरा पट चांगली म्हणायची का?

चौथ्या फेरीतल्या रक्ततपासणीने याचं उत्तर दिलं आहे. त्या वेळी प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण बिहारमध्ये जवळपास ७६ टक्के होतं, महाराष्ट्रात ५८ आणि केरळात ४४. म्हणजे या तिघांत संसर्ग बिहारमध्ये सर्वांत जास्त पसरला होता. बिहार तरुण राज्य आहे, केरळात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण देशात सर्वाधिक, हा फरक मान्य. पण तो इतका मोठा खड्डा भरू शकत नाही. उरलेला खड्डा नोंदीचा आहे. जून २०२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर बिहारने फेरतपासणी केली आणि मृत्यूंचा आकडा एका दिवसात साडेपाच हजारांच्या आतून ९,४२९ वर गेला. केरळनेही नंतर जुने मृत्यू मोठ्या संख्येने यादीत घेतले. जे राज्य प्रामाणिकपणे मोजतं ते तक्त्यात वाईट दिसतं. मला हे फार टोचतं, कारण पुढच्या साथीच्या वेळी नीट मोजणाऱ्याला शिक्षा आणि न मोजणाऱ्याला शाबासकी मिळाली, तर कोण मोजेल?

महाराष्ट्रातही जून २०२० मध्ये आधीचे १,३२८ मृत्यू एकदम यादीत आले, त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे. आणि आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, एप्रिल २०२० मध्ये ‘सारी’चे मृत्यू वेगळे मोजले जात होते. सारी म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार, ज्यात भरती करावं लागतं. हे एखाद्या विषाणूचं नाव नाही, लक्षणांचं आहे. अहवाल निगेटिव्ह आला की मृत्यू सारीत, पॉझिटिव्ह आला की कोरोनात. पण चाचणी दरवेळी पकडतेच असं नाही, आणि छातीचा स्कॅन कोरोनाचा असूनही कागदावर निगेटिव्ह असलेले रुग्ण प्रत्येक तालुक्याने पाहिले आहेत. त्यांच्या घरच्यांना ५० हजारांचं सानुग्रह साहाय्य मिळवताना काय यातायात करावी लागली, तेही पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू कोरोनाचा धरा असं सांगितल्यावर गुजरातमध्ये सुमारे १० हजार नोंदलेल्या मृत्यूंसमोर ८९ हजारांवर अर्ज आले. सगळे अर्ज बिनचूक नसतील. तरीही नऊपट अर्ज उगाच येत नाहीत.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना आणखी एक गोष्ट आडवी येते. पैठण, भोकरदन, गेवराईकडचा रुग्ण बिघडला की छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात जातो. केज-धारूर-परळीकडचा अंबाजोगाईला, स्वारातीमध्ये, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात. हिंगोलीचा आणि पार आदिलाबादच्या बाजूचा नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात. सगळीकडून हाताबाहेर गेलेले रुग्ण जिथे येतात, तिथला मृत्युदर जास्तच दिसणार. त्यावरून त्या रुग्णालयात उपचार वाईट होते असं म्हणणं हा तिथे रात्रंदिवस राबलेल्या निवासी डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर अन्याय आहे. लहान जिल्ह्याचा कमी दर कधी कधी एवढंच सांगतो की तिथून रुग्ण वेळेत पुढे पाठवले गेले. शिवाय वेळेचाही घोळ असतो. आज सापडलेला रुग्ण दगावलाच तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी दगावतो. लाट चढत असताना छेद आजचा आणि अंश तीन आठवड्यांपूर्वीचा असतो, म्हणून दर खोटा कमी दिसतो. लाट उतरताना नेमकं उलटं होतं.

आता फ्लूकडे परत येऊ, कारण ‘साधा फ्लू’ या म्हणण्याचा मूळ आधार एकच आकडा आहे, ०.१ टक्का. हा आकडा मुख्यतः अमेरिकेतून येतो. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा २०१८-१९ च्या हंगामाचा सुरुवातीचा अंदाज घ्या. साडेतीन कोटी लोक फ्लूने आजारी, सुमारे ३४ हजार मृत्यू. भागाकार हजारात एक. पण यातले ना साडेतीन कोटी चाचणी करून मोजलेले आहेत, ना ३४ हजार मृत्यू दाखल्यांवरून गोळा केलेले. दोन्ही गणिती प्रारूपातून काढलेले अंदाज आहेत, कारण तिथेही फ्लूने गेलेल्या बहुतेक वृद्धांच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार लिहिलेला असतो. उलट आपण कोरोनाचे जे मृत्यू धरतो ते एकेक करून मोजलेले, अहवाल हातात असलेले. फ्लूचा अंश अंदाजाने वाढवलेला आणि कोरोनाचा नोंदीपुरता. आणखी एक मेख आहे. ०.१ टक्का हा लक्षणं दिसलेल्यांमधला दर आहे. ज्यांना फ्लूचा संसर्ग होऊन कळलंही नाही, ते यात नाहीत. त्यांना धरलं तर फ्लूचा दर आणखी खाली येतो.

भारतातला कोरोना या मापाने मोजून पाहू. चौथ्या फेरीपर्यंत, लसीने प्रतिपिंडं आलेले वगळून, साधारण ८० कोटी लोकांना संसर्ग झाला होता असं ढोबळमानाने धरू. त्या वेळचे सरकारी मृत्यू सुमारे ४ लाख. दर आला ०.०५ टक्के. पाहा, फ्लूपेक्षाही कमी, असं म्हणणारे नेमकं हेच गणित मांडतात. आता अंश दुरुस्त करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त झाले असा अंदाज काढला. भारत सरकारने त्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला, म्हणून तो आकडा बाजूला ठेवू आणि सरकारच्याच नागरी नोंदणीकडे जाऊ. देशात नोंदलेले एकूण मृत्यू, कारण काहीही असो, २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. नोंदणी थोडी सुधारली असेल, लोकसंख्या थोडी वाढली असेल, पण दरवर्षी सात लाखांच्या आत होणारी वाढ एकदम तिप्पट होण्याचं दुसरं कारण मला तरी दिसत नाही. आपण फक्त २० लाख धरू. दर होतो पाव टक्का. ४७ लाख धरले तर जवळपास ०.६ टक्के. हा दर सगळ्या संसर्गांमधला आहे, तोही भारतासारख्या तरुण देशातला, आणि समोर फ्लूचा ०.१ टक्का आहे तो अमेरिकेसारख्या वयस्क देशातला, फक्त आजारी पडलेल्यांमधला. माप सारखं केलं की कोरोना फ्लूच्या कितीतरी पुढे निघून जातो.

आणि दर हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे. फ्लू दरवर्षी येतो, आपल्याकडे पावसाळ्यात एकदा आणि हिवाळा सरताना पुन्हा. त्यामुळे बहुतेकांच्या शरीराला त्याची थोडीफार ओळख असते आणि एका हंगामात लोकसंख्येचा लहान हिस्साच आजारी पडतो. नव्या विषाणूची ओळख कुणालाच नसते. साधारण साठ टक्के देश सव्वा वर्षात बाधित झाला, आणि त्यातला मोठा भाग एप्रिल-मे २०२१ च्या काही आठवड्यांत. दर अगदी फ्लूएवढाच असता, तरी इतके लोक एकाच वेळी आजारी पडल्यावर खाटा आणि ऑक्सिजन पुरला नसता, आणि जे उपचाराने वाचले असते तेही गेले असते. मृत्युदर विषाणूबरोबर जन्माला येत नाही. लातूरला वेळेवर मिळालेला सिलिंडर तो कमी करतो, न मिळालेला वाढवतो.

फ्लू ‘साधा’ असतोच असंही नाही. १९१८ चा फ्लू, आपल्या पणजोबांच्या तोंडची ‘मानमोडी’, जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा संपता संपता खेड्यांत पोहोचला. त्याने भारतात १.२ ते २ कोटी माणसं नेली असे अंदाज आहेत, आणि कोरोनाच्या उलट, वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात दगावलेल्यांच्या नोंदी पुऱ्या विश्वासाच्या नाहीत, पण जनगणना आहे. १९११ मध्ये संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती, १९२१ मध्ये ती १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची सोडून ती जवळपास सात टक्क्यांनी घटली. प्लेग आणि दुष्काळाचाही त्यात हात होता. मृत्यूचं कारण कुणी लिहून ठेवलं नाही, तरी किती माणसं कमी झाली हे लपलं नाही.

एकूण मृत्यू मोजण्याची ताकद हीच आहे. देशात जेमतेम पाचातल्या एका मृत्यूचं कारण डॉक्टर प्रमाणित करतो, त्यामुळे कारणांच्या यादीवर भिस्त ठेवता येत नाही. पण मृत्यू झाला की नाही यावर वाद घालता येत नाही. अर्थात एकूण आकड्यात सगळंच मिसळतं. मे २०२० मध्ये जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते कोरोनाने गेले नाहीत, पण ती साथ नसती तर ते रुळावर झोपलेही नसते. दुसरीकडे टाळेबंदीमुळे देशातले रस्ते अपघातातले मृत्यू २०१९ मधल्या १ लाख ५१ हजारांवरून २०२० मध्ये १ लाख ३१ हजारांवर आले. एकूण आकडा या दोन्ही गोष्टी आत घेतो.

आपल्या गावाचा असा हिशेब काढणं अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतून २०१७ पासून २०२२ पर्यंतचे मृत्यू महिन्यावार उतरवा आणि एप्रिल-मे २०२१ शेजारी आधीच्या वर्षांचे तेच दोन महिने ठेवा. मोजताना मृत्यूची तारीख धरायची, नोंदीची नाही. मुदत २१ दिवसांची असली तरी परवानगी घेऊन वर्षभरात आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होऊ शकते, त्यामुळे २०२१ मधले कितीतरी मृत्यू पुढच्या वर्षाच्या पानांवर सापडतील. आणि नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. पाटोद्याचा रुग्ण घाटीत गेला तर तो महापालिकेच्या वहीत आहे, आष्टीची ऊसतोड मजूर साखर कारखान्याच्या तळावर गेली तर ती सातारा, कोल्हापूर किंवा बेळगावच्या वहीत. म्हणून वही उतरवून झाली की आशाताईंना आणि गल्लीतल्या जुन्या बायकांना सोबत घेऊन घरोघर विचारायचं, त्या दोन महिन्यांत तुमच्या घरातलं कोण गेलं आणि कुठे गेलं.